झरोक्याच्या उघडणीची यादी आणि चारशे बारा विहिरींची मोजणी

प्रथम नमन गणरायास, ज्याचे नाव घेतल्यावाचून कोणतेही काम उघडत नाही. दुसरे नमन शारदेस. आणि तिसरे नमन त्या अदृश्य सेवकांस, जे काचेपलीकडे उभे राहून सांगितले तितकेच करतात आणि न सांगितलेले कधीच करीत नाहीत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, माघ वद्य प्रतिपदेपासून फाल्गुन शुद्ध एकादशीपर्यंत या राज्यात जे वर्तमान जाहले ते लिहून ठेवावे ऐशी थोरांची आज्ञा आली, त्यावरून जसे घडले तसे लिहिले असे. राज्याचे नाव लिहीत नाही. ज्यास ओळखावयाचे तो ओळखील, आणि ज्यास ओळखता येणार नाही त्याचे काही अडणार नाही.

त्या राज्यात बारा पेठा होत्या, पेठ म्हणजे दहापाच गावांचा मेळ, आणि बारा पेठांत मिळून चारशे बारा विहिरी होत्या, आणि त्यांचे पाणी वर्षानुवर्ष खाली जात चालले होते, म्हणोन सरकारस्वारीच्या मनात आले की एक मोठी बारव खणावी, जी उन्हाळ्यातही आटणार नाही आणि सर्वांच्या उपयोगी पडेल. मग प्रश्न पडला की खणावी कोठे. कारभारी नारोपंत यांनी तत्काळ बाळोबा पाणाडे यांस बोलाविले. बाळोबा हे तळहातावर नारळ आडवा ठेवून रानातून चालत, आणि जेथे नारळ उभा राही तेथे पाणी, ऐसा त्यांचा लौकिक होता, आणि तो खोटा नव्हता. त्यांचा नारळ वरच्या माळावर उभा राहिला. मग नारोपंत बोलिले, "झाले. चार घटकांत निकाल. फाल्गुन शुद्ध दशमीस सभा भरवू, खणणाऱ्यास विडा देऊ, आणि मोकळे होऊ." परंतु सरकारस्वारी कुतूहलाची. त्यांस एका उत्तराने समाधान होत नसे, दुसरे कोणी काय म्हणते ते ऐकावे लागे. म्हणोन त्यांनी हैमवतीबाई आठल्ये यांस आज्ञा केली की, "बाई, तुमचा हिशेब काय म्हणतो तोही दशमीपर्यंत येऊ द्या. दशमीस जे समोर असेल त्यावरून ठरवू."

हैमवतीबाई या राज्याच्या गणिती. अंगाने किरकोळ, बोलणे थोडे, आणि जे बोलत ते मोजून. तीन वर्षे त्या गाठींची दोरी घेऊन चारशे बाराही विहिरींवर स्वतः जाऊन आल्या होत्या, आणि दर ऋतूस पाणी किती हात खाली, खाली खडक कोणता, पाझर कोणीकडून, हे वहीत उतरवून आणीत, आणि ते सर्व मेघगडावर चढवून ठेवीत. मेघगड म्हणजे दूरदेशीचा गणनयंत्रांचा किल्ला. तो कोणी डोळ्यांनी पाहिला नाही, परंतु भाडे भरले की तो हिशेब करतो. वहीतील मोजमापांवरून जमिनीखालचे पाणी कोठून कोठे वाहते, आणि एके ठिकाणी उपसले तर दुसरीकडे किती उतरते, याची मोजणी मेघगडाने करावयाची होती, आणि तीस अखंड सहा दिवस लागणार होते. आता बाईंच्या मनातील गोष्ट ऐशी की, वरच्या माळाच्या उतारास केवडी नावाची पेठ आहे, तीत एकतीस विहिरी, आणि बाईंस फार दिवसांपासून संशय होता की माळाचे पाणी आणि केवडीचे पाणी एकच आहे. माळावर बारव खणली तर केवडी कोरडी पडेल. परंतु केवडी हे बाईंचे माहेर. संशय बोलून दाखवावा तर लोक म्हणणार की बाई माहेरासाठी बोलतात, आणि नारोपंत तर मागे एका सभेत हसत म्हणालेच होते की, "बाईंचा आकडा कोणीकडून निघाला तरी केवडीवरच जाऊन बसेल." म्हणोन बाई काहीच बोलिल्या नाहीत. मोजणी पुरी होऊन तिने बोलावे, आपण बोलू नये, ऐसा निश्चय करून त्या राहिल्या, आणि दशमीपर्यंत मोजणी पुरी न जाहली तर त्यांच्याजवळ बोलण्यासारखे काहीच उरणार नव्हते.

पूर्वी मेघगडाशी बोलावयाचे तर गणनशाळेतील एकाच यंत्रापाशी बसावे लागे. परंतु त्या माघात नवी सोय जाहली. ज्या ब्राउझरात लोक बातम्या आणि भाव पाहतात, त्याच ब्राउझरात एक काळ्या पाटीचा झरोका उघडू लागला, ज्यास जाणते लोक टर्मिनल म्हणतात, आणि त्या पाटीवर हुकूम लिहिला की तो थेट मेघगडावर पोचे. कोठूनही उघडावा, ओसरीवरून उघडावा, पालखीत बसून उघडावा. सरकारस्वारीस हे अत्यंत आवडले. परंतु एक अडचण होती. झरोका जितक्या वेळा उघडावा तितक्या वेळा पलीकडे नवा हुजऱ्या येऊन उभा राही, आणि हा हुजऱ्या अगदी कोरा. काल कोण आले, काय सांगितले, मोजणीचे दालन कोणते, वह्या कोठे, त्यास काही ठाऊक नसे. दर खेपेस त्यास तेच सहा हुकूम त्याच क्रमाने लिहून द्यावे लागत. बाईंस त्याचे काही वाटत नसे. त्या सहाही हुकूम भाजी चिरावी तशा सहज लिहीत. परंतु सरकारस्वारी तिसरा हुकूम नेमका विसरत, आणि हुजऱ्या उत्तर देई की ऐसी वस्तू येथे नाही, आणि मग स्वारी खिन्न होऊन म्हणत, "आमच्याच गडावर आम्हांसच ओळखीत नाहीत."

हे खिन्न वचन सुभानजी फरासे यांच्या कानी गेले. सुभानजी हे हुकूमनवीस, हात चपळ, मन निर्मळ, आणि घराणे जुन्या फरासखान्याचे. म्हणजे सहा पिढ्या त्यांच्या वाडवडिलांनी दरबारच्या बैठका मांडण्याचे काम केलेले. त्यांनी दोन दिवसांत उघडणीची यादी तयार केली. यादी म्हणजे एक लहानसा कागद, मेघगडाच्या दाराशीच डकवून ठेवलेला, आणि झरोका कोणीही उघडो, नव्या हुजऱ्याने प्रथम तो कागद वरपासून खालपर्यंत वाचावा आणि त्याबरहुकूम सर्व करावे, मग समोरच्यास विचारावे की काय आज्ञा. त्यात लिहिले होते की, प्रथम मुजरा करावा आणि सरकारच्या सर्व पदव्या म्हणाव्या. मग मोजणीच्या दालनात जावे. मग तेथील केरकचरा, कालचे अर्धेमुर्धे कागद, सर्व झाडून काढावे. मग विहिरींच्या वह्या नव्याने मांडाव्या. मग मोजणी सुरू करावी. आणि शेवटी किती जाहली ते सांगावे. सुभानजींनी हा क्रम मनाने रचला नव्हता. तो त्यांच्या घराण्याचा रिवाज होता. सरकारची पावले पडण्याआधी झाडावे, उचलावे, नवे मांडावे. जुन्या बैठकीवर धन्यास बसवू नये. बाईंनी यादी वाचली, आणि प्रत्येक हुकूम योग्य आहे ऐसे पाहून मान हलविली. सरकारांनी झरोका उघडला, आणि एक अक्षर न लिहिता मुजरा आला, पदव्या आल्या, आणि पाटीवर उमटले की मोजणी सुरू जाहली, शंभरात शून्य. स्वारी इतकी प्रसन्न जाहली की सुभानजीस शेला दिला, आणि दिवाणखान्यातील सर्वांस बोलावून झरोका तीन वेळा पुन्हा उघडून दाखविला.

मग माघ वद्य चतुर्थीपासून मोजणीचे दिवस मोजू लागले. बाई सकाळी झरोका उघडीत आणि सायंकाळी उघडीत, आणि दोन्ही वेळा पाटी म्हणे, शंभरात शून्य. पहिल्या दिवशी वाटले की आरंभ जड असतो. तिसऱ्या दिवशी वाटले की मेघगडावर गर्दी असेल. सहावा दिवस आला, ज्या दिवशी शंभर व्हावे, आणि पाटीने मुजरा करून, सर्व पदव्या म्हणून, शून्य सांगितले. सरकारही विचारीत, "बाई, आमच्याकडे शून्य दिसते, तुमच्याकडे?" आणि बाई म्हणत, "माझ्याकडेही तेच, सरकार." मग सरकार काळजीने आणखी एकदा पाहत. नारोपंत जाता येता म्हणत, "कसे आहे गणित? आज उठून बसले का?" आणि सुभानजी बिचारे यादीत आणखी एक ओळ घालीत, की मोजणी जोराने करावी. ऐसे करता माघ सरला, फाल्गुन लागला, आणि तृतीया आली. बाईंचे जेवणावरचे चित्त उडाले. त्यांनी वह्यांतील बेरजा पुन्हा ताडल्या, त्या बरोबर. भाडे पोचले का ते पाहिले, ते पोचलेले. मग त्यांच्या ध्यानी आले की आपण आजवर एक गोष्ट कधी केलीच नाही. आपण झरोका उघडतो, आकडा वाचतो आणि मिटतो. उघडा ठेवून समोर बसत नाही.

म्हणोन चतुर्थीस सूर्योदयी त्यांनी झरोका एकदाच उघडला आणि मिटला नाही. मांडीशी कागद घेतला, आणि दर अर्ध्या घटकेस आकडा टिपू लागल्या. शून्य, मग अर्धा, मग पाऊण, मग एक. मोजणी चालली होती, अगदी ठरल्या वेगाने. बाईंस इतका आनंद जाहला की त्यांनी चहा मागविला. चहा आला, आणि आकडा एकावरून शून्यावर आला. बाईंनी वेळ टिपली. मग पुन्हा अर्धा, पुन्हा पाऊण, पुन्हा शून्य. तीही वेळ टिपली. दोन प्रहरांपर्यंत कागदावर अकरा वेळा शून्य पडले, आणि त्या अकरा वेळा एकाखाली एक लिहून पाहता त्या कोणाच्या दिनचर्येशी जुळतात हे राज्यातील शेंबडे पोरही सांगते. न्याहारीआधी, न्याहारीनंतर, स्नानाआधी, पूजा आटोपताच, जेवणाआधी दोनदा. बाईंनी कागदाची घडी घातली. परंतु वेळा जुळल्या म्हणोन कारण सापडले ऐसे त्या मानणाऱ्यांतल्या नव्हत्या, म्हणोन त्यांनी सुभानजींस बोलावून पलीकडच्या खोलीत बसविले आणि म्हणाल्या, "सुभानराव, मी खोकले की तुमच्या बाजूने झरोका उघडा. दुसरे काही करू नका." सुभानजी म्हणाले, "नुसता उघडू? हुकूम कोणता देऊ?" "कोणताच नाही." सरकार त्या वेळी वामकुक्षीस गेले होते, तेवढाच काळ निर्धोक होता. आकडा सव्वावर पोचला आणि बाई खोकल्या. पलीकडून सुभानजींचा आवाज आला, "मुजरा झाला, पदव्या चालल्यात," आणि बाईंच्या समोर सव्वाचे शून्य जाहले. त्यांनी आणखी दोन वेळा खोकून पाहिले. तिन्ही वेळा तेच.

मग सुभानजी बाहेर आले आणि म्हणाले, "बाई, खोकला फार झालाय तुम्हाला. काढा घ्या." बाईंनी त्यांस समोर बसविले. यादी चुकली ऐसे म्हणावे तर मनुष्य शेला मिळालेला; आणि धन्याच्या पाहण्याने नुकसान होते ऐसे म्हणावे तर ते कोणाच्या तोंडून निघावे. म्हणोन बाईंनी निराळेच विचारिले. "सुभानराव, तुमचे आजोबा फरासखान्यात होते ना? दरबाराआधी ते काय करीत?" सुभानजी खुलून म्हणाले, "झाडायचे, उचलायचे, नवे मांडायचे. चांदणीच्या कापडी छताखाली एक काडी दिसता कामा नये." "आणि बैठक भरलेली असली, कारकून लिहीत बसलेले असले, आणि सरकार मध्येच दुसऱ्या दाराने आत आले, तर?" "तर काय, झाडू दाराबाहेरच ठेवायचा. भरल्या बैठकीत फरासानं आत जायचं नसतं. आजोबा म्हणायचे, आधी डोकवायचं, माणसं बसलेली दिसली तर हात जोडून उभं राहायचं, अन् चादर ओढायची नाही. एकदा एकानं ओढली होती, दफ्तरदार दौतीसकट..." आणि येथे सुभानजी थांबले. त्यांनी यादीकडे पाहिले, मग बाईंच्या कागदाकडे पाहिले. मग हळूच म्हणाले, "मी पंधरा दिवस भरल्या बैठकीखालची चादर ओढतोय." बाई म्हणाल्या, "मी रोज दोनदा ओढवली. यादी मीही वाचली होती आणि मान हलविली होती." "तुम्ही मला बोलत का नाही, बाई? बोला दोन शब्द, बरं वाटेल." "बोलण्यात वेळ जाईल. सहा दिवसांचे काम आहे आणि हातात साडेपाच आहेत."

मग दोघांनी बसून यादी नव्याने लिहिली. एकही हुकूम काढला नाही, प्रत्येकाच्या आधी डोकावणे घातले. दालनात मोजणी चालू आहे काय ते आधी पाहावे. चालू असेल तर झाडू नये, मांडू नये, दुसरी सुरू करू नये, केवळ किती जाहली ते सांगावे. चालू नसेल तरच पुढचे. शिवाय एकेक पेठ पुरी जाहली की तिचा निकाल दालनात न ठेवता शेजारच्या कोठीत कुलपात ठेवावा, म्हणजे पुढे कोणाचा हात चुकला तरी केलेले जाऊ नये. पदव्यांची संख्या सुभानजींनी आपण होऊन निम्मी केली. हे करता दिवस मावळला, आणि मोजणी पंचमीच्या सूर्योदयी सुरू करावयाची ठरली. तेव्हां सुभानजी म्हणाले, "बाई, एक सुचवू? सगळ्या बारा पेठा दशमीपर्यंत होत नाहीत हे तर दिसतंच आहे. केवडी पहिली घ्या. ती तेवढी हवी." बाई म्हणाल्या, "वहीत ती अकरावी आहे." "वहीचा क्रम बदलता येतो की." "येतो. म्हणूनच बदलायचा नाही. आधी केवडी मोजली तर नारोपंत म्हणतील की बाईंनी बोट दाखविले आणि यंत्राने तिकडे पाहिले." "आणि अकरावीपर्यंत पोचलंच नाही तर?" बाईंनी यादी उचलून एकदा शेवटपर्यंत मोठ्याने वाचून काढली.

पंचमीस सकाळी बाई सरकारांकडे गेल्या आणि जे होते ते सांगितले, थोडक्यात आणि कोणाचे नाव पुढे न करता. सरकार ऐकत राहिले, मग म्हणाले, "पण बाई, आम्ही नुसते पाहिले. पाहण्याने काय होते?" बाई म्हणाल्या, "पाहण्याने काही होत नाही, सरकार. दार उघडले की आतली चादर ओढली जाई. मी स्वतः तीसच्या वर वेळा उघडले." "आणि आम्ही किती वेळा?" "तितके मोजले नाही, सरकार." बाई आयुष्यात खोटे बोलिल्या त्यांपैकी हे एक, आणि टिपणात आकडा आहे, परंतु तो या बखरीतही लिहीत नाही. सरकार दाढी कुरवाळीत म्हणाले, "मग आम्ही आता दशमीपर्यंत झरोक्याकडे फिरकत नाही." बाई म्हणाल्या, "उलट सरकारांनी पाहावे. पाहून बिघडत नाही हे कळल्यावाचून यादी दुरुस्त झाली ऐसे मला म्हणता येणार नाही." हे ऐकून स्वारीच्या मुखावर जो आनंद जाहला तो शेला देतानाही नव्हता. आणि मग सरकारांनी पाहिले. पाहिले म्हणजे किती पाहिले, तर षष्ठीस पालखी चालता चालता पाहिले, सप्तमीस न्हाव्यासमोर बसून पाहिले, आणि दर वेळी नवा हुजऱ्या येऊन, मुजरा करून, आत डोकावून, हात जोडून म्हणे की मोजणी चालू आहे, तिसरी पेठ. मोजणी चालू आहे, सहावी पेठ. आकडा एकदाही मागे आला नाही. परंतु पुढेही तो आपल्याच चालीने जाई, आणि बाई बोटांवर मोजीत की दशमीचा सूर्य उगवेल तेव्हां दहावी सरली असेल, आणि अकरावी अर्धी.

दशमीस सभा भरली. मानकरी बसले, पेठापेठांचे पाटील बसले, बाळोबा पाणाडे आपला नारळ फडक्यात गुंडाळून एका अंगास बसले, आणि चांदीच्या तबकात विडा मांडला गेला. नारोपंत उभे राहून बोलिले, "नारळ माळावर उभा राहिला आहे, हे सर्वांस ठाऊक. मोजणीस सरकारांनी मुदत दिली होती, ती आज सरली. बाई, मोजणी पुरी आहे काय?" बाई उठून म्हणाल्या, "नाही. बारांपैकी दहा पेठा पुऱ्या आहेत. अकरावी चालू आहे." "दहा पेठांत माळाविरुद्ध काही निघाले?" बाई म्हणाल्या, "नाही. दहा पेठांस माळाच्या बारवेने काही अपाय नाही." सभेत कुजबुज जाहली, आणि नारोपंत गोड हसून म्हणाले, "म्हणजे गणितानेही कौल दिला. अकरावी कोणती म्हणालात?" "केवडी." मग कोणी उघड हसले, कोणी पदराआड हसले, आणि नारोपंतांनी तबकाकडे हात केला.

तेव्हां सरकारांनी मांडीवर झरोका उघडला. त्यांस राहवलेच नाही. मुजरा जाहला, निम्म्या पदव्या जाहल्या, आणि सर्व सभेस ऐकू येईल ऐशा आवाजात सरकारांनी वाचले, "अकरावी पेठ, दहांत सात." मग मिटून पुन्हा उघडला. "दहांत सात." नारोपंत म्हणाले, "सरकार, मुहूर्त टळतो आहे." सरकार म्हणाले, "पंत, मुहूर्त खणण्याचा आहे, आज दुपारी पाणी थोडेच लागणार? एक प्रहराचे काम राहिले आहे. एवढे जवळ आलेले अर्धे टाकून उठावे, हे आमच्याने होत नाही. विडा झाकून ठेवा. पोहे आणवा." मग पोहे आले, आणि सभा बसून राहिली. सरकारांचे पाहून मानकऱ्यांनीही आपापले झरोके उघडले, पाटलांनी उघडले, आणि ज्यांस उघडता येईना त्यांस सुभानजींनी उघडून दिले, ऐसे करता चाळीसावर झरोके एकाच वेळी उघडे जाहले, आणि चाळीस हुजरे चाळीस वेळा डोकावून हात जोडून उभे राहिले. सुभानजींच्या कपाळास घाम आला होता. दहांत आठ जाहले. बाळोबा सरकत सरकत बाईंच्या जवळ येऊन, त्यांच्यापुढील पेठांचा नकाशा पाहून म्हणाले, "बाई, ह्यात माझा माळ कुठं दिसतो?" बाईंनी बोट ठेवून दाखविले. "अन् तिथं पाणी हाय का?" "आहे, बाळोबा. पुष्कळ आहे. तुमचा नारळ बरोबर आहे." "मग तुम्ही का येवढ्या पांढऱ्या पडलात?" बाई म्हणाल्या, "मला अजून माहीत नाही म्हणून." दहांत नऊ जाहले, पोहे दुसऱ्यांदा फिरले, आणि दोन प्रहर उलटता उलटता पाटीवर उमटले की केवडी पुरी जाहली, निकाल कोठीत ठेविला.

बाईंनी निकाल काढला, आधी स्वतः दोनदा वाचला, आणि मग उभ्या राहून वाचून दाखविला. माळावर बारव खणून रोज ठरल्याप्रमाणे उपसा केला तर दुसऱ्या उन्हाळ्यात केवडीच्या एकतीस विहिरींपैकी एकोणीस कोरड्या पडतात. बारा राहतात. नारोपंतांनी विचारिले, "बाईंच्या वडिलांची विहीर त्या एकोणिसांत कितवी?" बाई म्हणाल्या, "ती त्यांत नाही. तिच्याखाली निराळा खडक आहे, तिला पाणी दुसरीकडून येते. माझ्या माहेरच्या कोणाचीच त्यांत नाही." आणि थोडे थांबून त्यांनी हेही सांगितले की, "मला स्वतःला एकतीसही कोरड्या पडतील ऐसे वाटत होते. माझे वाटणे चुकीचे होते. एकोणीस आहेत." मग बाळोबा उठले, नारळ फडक्यातून सोडून सरकारांपुढे ठेवला आणि म्हणाले, "सरकार, माझा नारळ पाणी दावतो. ते पाणी कुणाचं, ते त्याला कळत नाही. मलाबी कधी इचारावंसं वाटलं न्हाई." केवडीचा पाटील जो आतापावेतो मागे बसला होता, तो उठून बाळोबांजवळ जाऊन बसला.

सरकारांनी दुसरी जागा विचारिली. बाईंनी पूर्वेचे खोरे सांगितले. तेथे खडक टणक, पाणी खोल, खणण्यास तीन महिने अधिक, परंतु ते पाणी कोणाच्याही विहिरीखालून येत नाही, निदान अकरा पेठांपुरते तरी. नारोपंत म्हणाले, "आणि बारावी?" बाई म्हणाल्या, "ती उद्या कळेल." सरकार म्हणाले, "मग विडा उद्या." आणि एकादशीस सकाळी बारावी पेठ पुरी जाहली, आणि तीत एका विहिरीचे पाणी जमिनीच्या चार हात वर असल्याचे निघाले, जे होणे नाही, म्हणोन बाई दोरी घेऊन त्या विहिरीवर गेल्या आणि आपण तीन वर्षांपूर्वी आकडा उलटा लिहिला होता तो सुधारून आल्या, आणि तेवढी पेठ पुन्हा मोजविली, तेव्हां तीसही खोऱ्याच्या बारवेने अपाय नाही ऐसे निघाले. मग खोऱ्याचा विडा दिला गेला. तो नारोपंतांनीच उचलला, हे त्यांच्याविषयी लिहून ठेवले पाहिजे, आणि बारव त्यांनी मुदतीआधी आठ दिवस पुरी केली.

सारांश इतकाच. दार उघडताच आपोआप चालणाऱ्या हुकमांनी राज्याचे फार काम हलके होते, परंतु जो हुकूम दर खेपेस चालतो त्याने आधी डोकावून पाहावे की आत कोणी बसले आहे काय. पुढे यादीत बऱ्याच ओळी वाढल्या, आणि प्रत्येक ओळ सुभानजी बाईंस दाखवूनच घालतात. केवडीच्या लोकांस, एक पाटील सोडता, यांतले काहीच ठाऊक नाही. त्या एकोणीस विहिरींवर ते रोज येतात, पाणी भरतात, भांडतात आणि घरी जातात. येथवर वर्तमान लिहिले. अधिक लिहावयास आता काही शिल्लक नाही.